जिज्जीचं डिपॉझिट

जरा जवळ सरक बाई, उद्या मी जबलपूरला परत जायच्या आधी सांगून टाकते. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि तो फोन आधी पालथा ठेव. तुम्हा मुलींचं मला एक समजत नाही. जबलपूरला येता, भेडाघाटचा धबधबा पाहता, त्याच्यासमोर पंचवीस फोटो काढता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. काहून? धबधबा कुठं पळून जाऊन राहिला? तो आणखी हजार वर्षं तिथंच पडणार आहे. माणसं तेवढी टिकत नाहीत. आमची जिज्जी पाहिली का? नाही ना? मग काय पाहिलं जबलपूर!

मागच्या हिवाळ्यात एकवीस दिवस जिज्जीच्या फाटकाच्या आत, जास्वंदीच्या कुंडीजवळ, सुपरमार्केटची ट्रॉली उभी होती. तीच ती, जाळीची, चार चाकांची, सामान ढकलत न्यायची. चोरून आणलेली नव्हती. विकतची नव्हती. भाड्याचीही नव्हती. मग कशी होती म्हणशील, तर तेच सांगायला बसले आहे. पण आधीच कबूल करते, माझाही यात गोंधळ आहे. जिज्जी समजावते तेव्हा सगळं बरोबर वाटतं, आणि आपल्या घरी येऊन चपला काढल्या की काहीच समजत नाही.

जिज्जी म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. खरं नाव प्रमिला. मराठी घरात ताई म्हणायला पाहिजे. पण सासऱ्यांनी अमरावतीकडून येऊन जबलपुरात संसार मांडला, आजूबाजूला सगळं हिंदी, तिकडं मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात, तेच चिकटलं. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, पाठीमागं ती म्हणते, आणि हे तिला माहीत आहे. वय शहात्तर. लग्न केलं नाही. काहून केलं नाही हे विचारायची हिंमत सासूबाईंना झाली नाही, तर मला कुठून होणार? आमच्यापासून तिसरं घर तिचं. एकटी राहते.

छत्तीस वर्षं तिनं मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. आमच्या विजय नगरातल्या निम्म्या बायकांच्या पाठी तिनं सरळ केलेल्या आहेत. अजूनही तिच्या फाटकासमोरून जाताना कित्येकजणी पोट आत घेऊन जातात. तिच्याकडे गेलं की ती 'बसा' म्हणत नाही, 'विश्राम' म्हणते. आमचे हे त्र्याहत्तर वर्षांचे, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, घरात माझ्यावर रोज एकदा तरी आवाज चढवणारे. पण जिज्जीच्या ओट्यावर पाय ठेवला की ती म्हणते, "बाळ, खांदे!" आणि हे झटकन खांदे मागं घेतात. हातात चहा असला तर तो सांडतो. मग तिथलं फडकं आणून पुसतात, तेही खांदे मागं ठेवून.

तिचे दोन शब्द लाडके. एक 'काहून' आणि दुसरा 'नियम'. डॉक्टरांनी एकदा म्हटलं, मीठ कमी करा. "काहून?" डॉक्टरांनी समजावलं. "पण काहून?" वीस मिनिटं चाललं. शेवटी डॉक्टरच दमून म्हणाले, "दीदी, जितना खाना है, खाइए." पण तोच नियम कागदावर लिहिलेला असला, की संपलं. मग ती एक शब्द बोलत नाही. तोंडी सांगितलेला नियम म्हणजे गप्पा, आणि लिहिलेला नियम म्हणजे नियम. डॉक्टरांनी मीठ चिठ्ठीवर लिहिलं असतं, तर आज ती अळणी खाऊन राहिली असती.

अशी ही बाई दोन वर्षांपासून फाटकाबाहेर पडत नव्हती. बंदच केलं होतं. "भाजीवाला दारावर येतो, दूध दारावर येतं, बँकेचं बाळ पाहतो. मग बाहेर जायचं काहून?" असं म्हणायची. बारशी, लग्नं, कुठंच नाही. आम्हाला वाटलं, हट्ट आहे. हट्ट तिच्यात काही नवीन नव्हता, म्हणून कोणी खोलात गेलं नाही.

त्यात दिवाळीच्या आधी मोठ्या रस्त्यापलीकडे ते सुपरमार्केट उघडलं.

आता आधी तुला दहाच्या सिक्क्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या जबलपुरात दहाचा सिक्का कोणी घेत नाही. सरकारनं काढलेला आहे, खरा आहे, पण भाजीवाला म्हणतो, "नहीं चलेगा, अम्मा." ऑटोवाला म्हणतो, "नोट दो." काहून चालत नाही ते कोणालाच माहीत नाही. हा म्हणतो पुढचा घेत नाही, पुढचा म्हणतो त्याच्या पुढचा घेत नाही. तो शेवटचा न घेणारा कोण आहे, तो मला अजून भेटला नाही. माझ्याकडे लोणच्याच्या जुन्या बरणीत असे मूठभर सिक्के पडून होते. आणि या नवीन दुकानात ट्रॉली हलते ती फक्त दहाच्या सिक्क्यानं! बाहेर त्या ट्रॉल्या एकीत एक घुसवून, साखळीनं बांधून, रांगेत उभ्या. दांडीवर एक डबी. तिच्यात सिक्का सरकवायचा, की साखळी सुटते.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सिक्का सरकवला, साखळी खटकन हातात आली. मला वाटलं तुटली. घाबरून परत खुपसली, तर सिक्का बाहेर आला. परत घातला, परत साखळी सुटली. असं तीनदा झालं. मागं लोक खोळंबले. दारावरचे तिवारीजी, चौकीदार, धावत आले.

"अम्मा, क्या कर रही हैं?"

"भैया, ये टूट गया."

"टूटा नहीं, खुल गया. सामान लो, फिर ट्रॉली यहीं लगा दो, सिक्का वापस."

"मतलब ट्रॉली फुकट?"

"फुकट."

"तो फिर सिक्का क्यों?"

"ताकि आप वापस लगाओ."

"वो तो मैं वैसे भी लगाती."

"फिर भी," तिवारीजी म्हणाले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, भाडं असेल. मी म्हटलं, अहो, सिक्का परत मिळाला. मग म्हणाले, मग दुकानाला काय फायदा? आणि फायदा नाही तर डबी काहून लावली? त्या डबीचेही पैसे लागले असतील. आमचं यावर इतकं झालं की चहावर साय धरली. शेवटी दोघं उठून जिज्जीकडे गेलो.

जिज्जीनं सगळं ऐकून घेतलं. "नियम काय आहे?"

"माहीत नाही."

"पाहून आली आणि माहीत नाही? शालू, डोळे काय फोडणीला टाकले?"

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "ई-रिक्षा बोलाव. मला ती डबी पाहायची आहे." माझ्या हातातला झारा कढईत पडला. दोन वर्षांनी बाहेर! हे तर धावत जाऊन रिक्षाच घेऊन आले, रिक्षावाल्याला म्हणाले, धीरे चलना, व्हीआयपी है.

दुकानाच्या पायरीशी उतरताना जिज्जीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांत कधी ठेवला नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी माया आली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगते.

तिवारीजींना ती परकी नव्हती. त्यांची बायको तिचीच विद्यार्थिनी. ते ताठ उभे राहिले. जिज्जीनं बरणीतला सिक्का हातात धरून विचारलं, "भैया, ये किराया है कि डिपॉझिट?"

"डिपॉझिट समझ लीजिए, दीदी."

"समझ लीजिए नहीं. है कि नहीं?"

"है."

"वापस कब मिलेगा?"

"जब आप ट्रॉली वापस लगाएँगी."

"तारीख?"

"तारीख तो कोई नहीं, दीदी. जब काम हो जाए."

जिज्जीनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं ना? साक्षीदार आहेस तू. काम झालं की."

मग ती ट्रॉली घेऊन आत गेली ती दीड तास. एक गल्ली सोडली नाही. जिथं कुत्र्यांचं खाणं ठेवतात तिथून दोनदा गेली. आमच्या खानदानात कुत्रा नाही. पण काय तोरा होता बाप्पा! पाठ सरळ, मान वर, ट्रॉली पुढं, जशी स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात मुलींच्या पुढं चालायची तशी. माझे पाय दुखले, मी तेलाच्या डब्यांच्या बाजूला टेकले. दीड तासांनी ट्रॉलीत काय? जवळच्या शहपुऱ्याचे मटार दोन किलो आणि एक साबण.

पैसे दिले, बाहेर आलो. मी रिक्षा शोधू लागले. जिज्जी म्हणाली, "चलो," आणि ट्रॉली घेऊन उतारावरून सरळ रस्त्यावर.

"दीदी!" तिवारीजी मागून.

"डिपॉझिट दिया है!" जिज्जीनं मान न वळवता सांगितलं. तिवारीजींनी सलाम केला. काय करणार? ते बरोबरच होतं. आणि कुठंतरी चूकही होतं. पण कुठं, ते शोधेपर्यंत जिज्जी रस्ता ओलांडून गेली होती.

अगं, त्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज! दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती बिचारी गुपचूप चालायची, आमच्या रस्त्यावर आली आणि वरातीतल्या ताशासारखी वाजू लागली. कुत्री भुंकून बाहेर आली. गाय उठून बाजूला झाली. आमच्या रस्त्यावरची गाय ट्रकसाठी उठत नाही, हे लक्षात घे. मी पाच पावलं मागं चालत होते, आमची काही ओळख नाही असा चेहरा करून. गतिरोधकावर ट्रॉली उडाली, चार शेंगा खाली पडल्या. जिज्जी वाकली नाही. मला म्हणाली, "शालू, उचल." गेली माझी अनोळख.

ओट्यावर हे उभेच होते. त्यांनी एकदा ट्रॉलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "जिज्जी, हे दुकानाचं आहे ना?"

"हो."

"मग घरी काहून आणलं?"

"बाळ, तुझ्या घरी गॅसचं सिलिंडर आहे. कोणाचं आहे?"

"कंपनीचं."

"डिपॉझिट भरलं होतं?"

"बाबांनी भरलं होतं."

"किती वर्षं झाली?"

"चाळीसेक."

"कंपनीवाले न्यायला आले?"

"नाही."

"काहून नाही आले?"

ह्यांनी आपल्या घराकडे वळून पाहिलं. जिज्जी म्हणाली, "काम चालू आहे म्हणून नाही आले. काम संपलं, सिलिंडर परत, डिपॉझिट परत. माझंही काम चालू आहे. खांदे!"

आता सांग, यात चूक कुठं आहे? मी आजही शोधून राहिली आहे. लग्नाच्या भांड्यांचं तसंच असतं, मांडववाल्याच्या खुर्च्यांचं तसंच असतं. डिपॉझिट ठेवायचं, वस्तू घरी आणायची, काम झालं की द्यायची. आमच्या सात पिढ्यांनी डिपॉझिट ठेवून वस्तू दुकानातच वापरलेली नाही.

पण खरी गंमत पुढंच. ट्रॉली आली आणि जिज्जी बाहेर पडू लागली! रोज. सकाळी दहाला फाटक वाजायचं, मग खडखड खडखड. सुपरमार्केटला जायची, तिथून टपाल ऑफिस, तिथून बँक, एक दिवस तर शिंप्याकडे जाऊन दोन वर्षांपूर्वीचा ब्लाउज घेऊन आली. संध्याकाळी बगिच्यात. तिथं ट्रॉली बाकाला लावून ठेवायची, बाकाचा काठ धरून उभी राहायची आणि फिरायला आलेल्या बायांना हात वर, हात खाली करायला लावायची. चेहऱ्यावर तुकतुकी आली. खोव्याची जिलेबी मागून खाल्ली. रविवारी ट्रॉलीच्या चाकांना शिलाई मशीनचं तेल घालायची, जाळी ओल्या फडक्यानं पुसायची. कॉलनीत तिला 'जिज्जी की गाड़ी' नाव पडलं.

मला एकच समजायचं नाही. एवढी ट्रॉली घेऊन ही जाते, आणि आणते काय? कोथिंबिरीची एक जुडी. एक दिवस दोन लिंबं. मी म्हटलं, "जिज्जी, लिंबं पिशवीत आली असती."

"पिशवी काहून?" ती म्हणाली. "ट्रॉली आहे ना."

तिकडे दुकानात वेगळाच गोंधळ माजला होता, तो नंतर समजला. सकाळी उघडताना ट्रॉल्या मोजल्या की एकोणचाळीस. अकराला चाळीस. रात्री बंद करताना परत एकोणचाळीस. मॅनेजर नवीन मुलगा, सागर शहराकडचा. त्याला वाटलं आपलं मोजणं चुकतं. तो दोन दोनदा मोजू लागला. तरी तेच.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो तिवारीजींना घेऊन फाटकाशी आला. टाय लावलेला, मोबाईलवर कॅमेऱ्यातला फोटो. फोटोत जिज्जी, ट्रॉली आणि मागं पाच पावलांवर मी, अनोळखी चेहऱ्याची. आजूबाजूच्या गच्च्यांवर बाया कपडे वाळत घालायला एकाच वेळी आल्या. हे धावत आले आणि येताच खांदे मागं घेऊन उभे राहिले.

जिज्जी दारातून म्हणाली, "विश्राम."

मॅनेजर मुकाट्यानं स्टुलावर बसला. मग त्याला आठवलं की आपण रागावून आलो आहोत.

"मॅडम, ये हमारी ट्रॉली है."

"हाँ, है."

"आप इसे ले आईं."

"हाँ."

"तो... ये तो चोरी हुई, मॅडम."

वरच्या एका गच्चीवरून चिमटा खाली पडला. छत्तीस वर्षं जिनं मुलींना सरळ उभं राहायला शिकवलं, तिला तिच्याच दारात हा शब्द. जिज्जीचा आवाज मात्र हलला नाही.

"बेटा, चोर डिपॉझिट देता है?"

"वो डिपॉझिट नहीं, मॅडम, वो तो..." त्यानं तिवारीजींकडे पाहिलं. "वो क्या है?"

"मैंने तो डिपॉझिट बोला था, सर," तिवारीजी हळू आवाजात म्हणाले.

"और आपने रोका नहीं?"

"सर, दीदी रोज तो लाती थीं. फिर रोज ले जाती थीं. मैं समझा आपको पता है."

मग जिज्जीनं सिलिंडर काढलं. "आपके घर गैस है? सिलिंडर किसका है? रहता कहाँ है?" तो मुलगा उत्तरं देत गेला आणि प्रत्येक उत्तरानंतर जरा आणखी वाकत गेला. शेवटी डोकं धरून म्हणाला, "मॅडम, वो सब मुझे नहीं पता. पर बाहर बोर्ड लगा है. ट्रॉली परिसर के बाहर ले जाना मना है."

जिज्जी म्हणाली, "लिखा है?"

"लिखा है."

वादात ती हरणार नव्हती, ते मला माहीत होतं. पण लिहिलेलं म्हणजे संपलं. आणि ट्रॉली गेली की ही परत फाटकाच्या आत बसणार. ट्रॉलीचा आणि बाहेर पडण्याचा काय संबंध, ते मला त्या क्षणापर्यंत उमगलं नव्हतं. पण संबंध आहे, एवढं आंधळ्यालाही दिसत होतं. मी पुढं होऊन म्हटलं, "बेटा, पैसे ले लो, एक ट्रॉली बेच दो." तो म्हणाला, "आंटी, ट्रॉली नहीं बेचते, हम सामान बेचते हैं." तेही बरोबर. त्या दिवशी सगळ्यांचंच सगळं बरोबर होतं.

"बोर्ड दिखाओ," जिज्जी म्हणाली.

निघालो. पुढं ट्रॉली घेऊन जिज्जी, मागं मॅनेजर, मग तिवारीजी, मग हे, शेवटी मी. दुकानाशी पोहोचलो तर बोर्ड कुठंच नाही. मॅनेजर भिंतीभोवती फिरला. तिवारीजींनी फिरून पाहिलं. मग लक्षात आलं. 'एकावर एक फुकट' अशा प्लास्टिकच्या बादल्या दिवाळीपासून दाराशी रचून ठेवलेल्या, त्यांच्या मागं. बादल्या उतरवल्या. बोर्ड निघाला. अगदी हिंदीत, मोठ्या अक्षरांत.

जिज्जीनं चष्मा पुसला आणि बोर्ड दोनदा वाचला.

मी तिच्या कानाशी लागले. "जिज्जी, बादल्यांच्या मागं होता. दिसतच नव्हता. म्हणा ना तसं! ही तर त्यांची चूक."

"माझ्या मुलींनी असं कारण दिलं असतं, तर मी मैदानाच्या चार चकरा दिल्या असत्या," ती म्हणाली. आणि ट्रॉली रांगेत ढकलली, साखळी डबीत खुपसली. टक्क. सिक्का बाहेर आला. तिनं तो रुमालात बांधला.

आता मॅनेजरलाच वाईट वाटलं. "मॅडम, मुझे चोरी नहीं बोलना चाहिए था. आप फोन कर दिया कीजिए, सामान हम घर पहुँचा देंगे. आपसे कोई चार्ज नहीं."

"सामान किसको चाहिए था, बेटा," जिज्जी म्हणाली.

तो मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आभाळाकडे पाहिलं, आणि 'मी फाटक उघडं टाकून आलो' म्हणत पुढं निघून गेले. मॅनेजर आत गेला. मी तीन पायऱ्या उतरले आणि मागं वळले, तर जिज्जी तिथंच.

"चला ना."

"तू हो पुढं. मी येते."

"काहून?"

ती उभी होती ताठच. पण दोन्ही हातांनी त्या शेवटच्या ट्रॉलीची दांडी धरलेली, आणि बोटांची पेरं पांढरी पडलेली. रस्त्याकडे अशी पाहत होती, जशी लहान पोर विहिरीत वाकून पाहते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकवीस दिवस मी वेड्यासारखी ट्रॉलीत काय आहे ते पाहत राहिले. कोथिंबीर पाहिली, लिंबं पाहिली. दांडी पाहिलीच नाही.

मी परत वर चढले. ती हळूच म्हणाली, "हातात धरायला काही नसलं ना शालू, तर जमीन हलून राहिल्यासारखी वाटते. दोन वर्षं झाली."

"सांगितलं काहून नाही? एक काठी..."

"काठी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "या रस्त्यावर दर दहा पावलांवर माझी एक मुलगी राहते."

"मग माझा हात धरा."

"काहून? मी म्हातारी आहे?"

शहात्तर वर्षांच्या बाईला काय उत्तर द्यायचं? मग काय झालं कोण जाणे, मी तिथंच वरच्या पायरीवर मटकन बसले आणि 'आई गं' म्हणून गुडघा धरला.

"काय झालं?"

"गुडघा धरला जिज्जी. उठवत नाही. तुम्ही जरा माझा दंड धरून घरापर्यंत न्याल का?"

तिनं आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या त्या नजरेपुढं छत्तीस वर्षांत किती मुलींची पोटदुखी पकडली गेली असेल! मी गुडघा आणखी घट्ट धरला. खरं तर घाईत उजवा धरायचा की डावा, तेही ठरवलं नव्हतं. मधेच बदलला असेन.

मग दांडी सुटल्याचा आवाज आला. तिचा हात माझ्या दंडावर आला, असा घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथं चार बोटं उमटली होती. "ऊठ," ती म्हणाली. "पाठ सरळ. वेंधळ्यासारखी चालू नको. एक, दोन. एक, दोन."

आम्ही रस्ता ओलांडला. गाड्या थांबल्या. एका फाटकात तिची एक जुनी विद्यार्थिनी उभी होती, ती म्हणाली, "क्या हुआ, दीदी?" जिज्जी म्हणाली, "कुछ नहीं, इसका घुटना." मी लगेच लंगडले. गतिरोधकाशी दोघी थांबलो, श्वास घेतला, परत एक, दोन. त्या वाटेवर कोण कोणाला धरून चाललं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मधे एकदा तर मी खरंच अडखळले आणि तिनंच सावरलं.

तिच्या फाटकाशी आलो. तिनं माझा दंड सोडला, फाटकाचा गज धरला, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "उद्या पण दुखेल का गं?"

"दुखेल."

"संध्याकाळी पाचला तयार राहा. उशीर केला तर मी थांबणार नाही."

तेव्हापासून रोज पाचच्या ठोक्याला माझा गुडघा दुखतो. आम्ही बगिच्यापर्यंत जातो, कधी टपालापर्यंत. ह्यांना काही माहीत नाही. बिचाऱ्यांनी काळजीनं मलमाच्या दोन ट्यूबा आणल्या आहेत, मी मुकाट्यानं लावते. जिज्जी बगिच्यातल्या बायांना सांगते, "शालूचं वय झालं आता. रोज फिरवावं लागतं तिला." मी मान खाली घालून हो म्हणते.

म्हणून म्हणते, ये एकदा. धबधब्यासाठी नको, आमच्यासाठी ये. मटाराचे दिवस आहेत, तोवरच ये; करंज्या करीन, दोन दिवस राहा. आणि आलीस की जिज्जीच्या ओट्यावर बसून, तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं विचार, मावशी, तुझा गुडघा कसा आहे? विसरू नको. आणि उशीर नको करू बाई.